एक प्राध्यापक, दोन विभाग: मिशिगन स्टेटच्या सीएमएसईचा रिव्ह्यू

अमेरिकेतल्या ईस्ट लान्सिंगच्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत ‘कॉम्प्युटेशनल मॅथेमॅटिक्स, सायन्स अँड इंजिनिअरिंग’ नावाचा एक विभाग आहे. सगळे त्याला सीएमएसई म्हणतात. गणित, विज्ञान, इंजिनिअरिंग आणि संगणक एकत्र शिकवणारे कोर्स आता जागोजागी निघालेत. पण ते शिकवणार कोण, त्या माणसांना नेमणार कोण, त्यांचे तास मोजणार कोण आणि बढती देणार कोण, याचा इतका नीट विचार केलेली जागा मी दुसरी पाहिली नाही. मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात उपयोजित गणित शिकवते. सीएमएसईत एक सत्र पाहुणी म्हणून राहिले, वर्गांत बसले, आणि भेटेल त्याला त्याच्या नेमणुकीबद्दल खोदून खोदून विचारलं. पीएचडीला जाऊ पाहणारी मुलं, त्यांचे पालक आणि आपल्याकडे असा कोर्स उभा करण्याच्या खटपटीत असलेले सहकारी, अशा सगळ्यांसाठी हा रिव्ह्यू आहे. रँकिंग, फी, नोकऱ्या यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी मुख्यतः पदांबद्दल लिहिणार आहे, कारण असा कोर्स चार वर्षांत गुंडाळायचा की तीस वर्षं चालायचा, ते पदांवर ठरतं.

आधी थोडी ओळख. विभाग २०१५ साली सुरू झाला. तो एकाच वेळी दोन कॉलेजांचा आहे, नॅचरल सायन्स आणि इंजिनिअरिंग. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन विद्याशाखांचा एक विभाग, दोन अधिष्ठाते आणि एकच विभागप्रमुख. पहिले विभागप्रमुख अँड्र्यू क्रिस्टलीब हे गणितातले, प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित वायूच्या, सिम्युलेशनवर (संगणकावर उभ्या केलेल्या प्रतिकृतीवर) काम करणारे. कचेरी शॉ लेनवरच्या इंजिनिअरिंग बिल्डिंगमध्ये. इथे एमएस आहे, पीएचडी आहे, शिवाय दुसऱ्या विभागाबरोबर मिळून करायची दुहेरी पीएचडीही आहे. पीएचडीच्या मुख्य पेपरांत डेटा सायन्सचा गणिती पाया, अवकल समीकरणांच्या संख्यात्मक पद्धती, समांतर संगणन आणि संख्यात्मक रेषीय बीजगणित हे विषय येतात. प्रयोगशाळेत करून पाहता येत नाही आणि कागदावर सुटत नाही, असे प्रश्न संगणकावर मॉडेल करून सोडवायचे, हा सगळ्या कामाचा गाभा. मग ती दीर्घिका असो, प्रथिनाची घडी असो की झाडाचं पान.

आता पदं. इथल्या बऱ्याच प्राध्यापकांची नेमणूक संयुक्त असते. म्हणजे पद एक, पगार एक, पण ते पद दोन विभागांत वाटलेलं. कोणाचं निम्मं-निम्मं, कोणाचं पाऊण सीएमएसईत आणि पाव दुसरीकडे. संपूर्ण सीएमएसईत असलेली माणसंही आहेत. इथवर ऐकून आपल्याकडचा कोणीही प्राध्यापक म्हणेल, ‘म्हणजे दोन्हीकडून राबवून घेणार.’ मलाही पहिली शंका तीच आली होती. पण नेमणूक होते त्याच वेळी एक लेखी करार होतो, आणि सगळी मदार त्या करारावर आहे. मुख्य विभाग कोणता, वर्षाला किती कोर्स कुठे शिकवायचे, वार्षिक मूल्यमापन कोण करणार आणि त्यात दुसऱ्या विभागाचं म्हणणं कसं घ्यायचं, कायम नेमणुकीचा प्रस्ताव कुठून निघणार, संशोधनाच्या अनुदानातला संस्थेच्या खर्चासाठीचा वरकड हिस्सा कोणाच्या खात्यात किती जाणार, हे सगळं तिथे आधीच ठरतं. माणूस रुजू होण्याआधी दोन्ही विभागप्रमुखांनी आणि अधिष्ठात्यांनी ते मान्य केलेलं असतं. पुढे विभागप्रमुख बदलला तरी कागद तोच राहतो.

यात महत्त्वाचं काय, ते बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. कायम नेमणुकीच्या वेळी सहाएक वर्षांचं काम तपासलं जातं, आणि काम तपासण्याची प्रत्येक विषयाची रीत वेगळी असते. गणितात पेपर कमी निघतात आणि लेखकांची नावं आडनावाच्या वर्णक्रमाने लावतात. कोणी किती काम केलं ते नावांच्या क्रमावरून कळतच नाही. जीवशास्त्रात एका पेपरवर वीस नावं असतात, पहिलं नाव ज्याने हाताने काम केलं त्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळाप्रमुखाचं. संगणकशास्त्रात चांगल्या परिषदेतला पेपर जर्नलपेक्षा जास्त मोलाचा धरतात. आणि कॉम्प्युटेशनल सायन्सवाल्याची खरी कमाई पुष्कळदा एखादं सॉफ्टवेअर असतं, जगभरातले लोक ते वापरतात, पण पेपरांच्या यादीत ते एका ओळीत संपतं. निम्मा गणितात आणि निम्मा जीवशास्त्रात असलेला तरुण प्राध्यापक फक्त गणितवाल्यांच्या हाती सापडला तर ‘नावं फार, प्रमेयं कुठायत?’ म्हणून मागे राहील. जीवशास्त्रवाल्यांच्या हाती सापडला तर ‘पेपर फार थोडे’ म्हणून. सॉफ्टवेअर मोजायचं की नाही, कोणत्या विभागाच्या चष्म्यातून पाहायचं, हे रुजू होतानाच लिहून ठेवलं की पुढची अर्धी भांडणं उभीच राहत नाहीत.

एक ठळक उदाहरण ब्रायन ओ’शे यांचं. ते खगोलभौतिकीतले, विश्वातल्या पहिल्या ताऱ्यांच्या आणि दीर्घिकांच्या घडणीची सिम्युलेशन करतात. त्यांची नेमणूक सीएमएसई आणि भौतिकशास्त्र-खगोलशास्त्र विभाग अशी दोन्हीकडे. दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, म्हणून त्यावर जरा रेंगाळते.

डॅन चिटवूड हे हॉर्टिकल्चर विभागात आहेत आणि सीएमएसईतही आहेत. हॉर्टिकल्चर, म्हणजे आपल्याकडचं फलोद्यान. नाशिकच्या द्राक्षवाल्याला ज्या विभागाशी कर्तव्य, तोच. द्राक्षाच्या पानांचे आकार हा त्यांचा जुना विषय. एलिझाबेथ मन्च या गणित विभाग आणि सीएमएसई अशा दोन्हीकडच्या, टोपॉलॉजीवाल्या, म्हणजे आकारांच्या मूळ घडणीचं गणित करणाऱ्या. हे दोघं आणि त्यांचे विद्यार्थी यांनी मिळून सातूच्या दाण्यांचं काम केलं. कणसं सीटी स्कॅनरखाली ठेवायची, एक्स-रेने त्यांची त्रिमितीय प्रतिमा घ्यायची, संगणकाने त्यातून एकेक दाणा सुटा करायचा. मग त्या दाण्याला एका दिशेने पातळ पातळ चकत्या पाडत जायचं आणि प्रत्येक टप्प्यावर एक आकडा काढायचा: तुकडे किती, भोकं किती, पोकळ्या किती, यांच्या बेरीज-वजाबाकीतून येणारा ऑयलरचा आकडा. मग दिशा बदलून पुन्हा तेच. अशा पुष्कळ दिशांचे आकडे ओळीने मांडले की दाण्याच्या आकाराची एक लांबलचक सही तयार होते. सातूचे वेगवेगळे वाण त्या सहीवरून ओळखता येतात का, हा प्रश्न. लांबी, रुंदी, आकारमान ही नेहमीची मापं घेऊन जेवढं ओळखता येतं, त्यात या सहीने भर पडते, असं त्यांना दिसलं. दाण्याच्या पोटावरची खाच आणि टोकाचा किंचित बाक डोळ्यांना जाणवतो पण पट्टीने मोजता येत नाही. टोपॉलॉजीने तो मोजता येतो.

हे वाचायला छान वाटतं, पण यामागे नेमणुकीची केवढी व्यवस्था आहे ते बघा. टोपॉलॉजीची प्राध्यापक आणि फलोद्यानाचा प्राध्यापक एका विभागाच्या बैठकीला बसतात. एकच विद्यार्थी दोघांकडे काम करू शकतो. त्याने गणित विभागातून अर्ज करायचा की हॉर्टिकल्चरमधून, हा गुंता नाही; तो सीएमएसईचा विद्यार्थी. मार्गदर्शक दोन असले तरी दोघेही त्याच्या विभागाचेच, कोणी ‘बाहेरचा’ नाही. शिवाय त्या मार्गदर्शकांना हे काम फावल्या वेळात उरकावं लागत नाही. ते त्यांच्या पदाचंच काम आहे. चिटवूड यांचा ‘प्लँट्स अँड पायथन’ नावाचा कोर्सही याच व्यवस्थेचं फळ. वनस्पती शिकणाऱ्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायची ती पानांच्या आणि फांद्यांच्या उदाहरणांतून. त्याच्या नोटबुक्स (मजकूर आणि कोड एकत्र असलेली संगणकावरची पानं) खुल्या आहेत, इंग्रजीत आहेत आणि स्पॅनिशमध्येही. कृषी महाविद्यालयातल्या कोणत्याही शिक्षकाने जरूर उघडून पाहाव्यात.

आणि इथेच मला आपली एक मोठी अडचण दिसली. मिशिगन स्टेट हे १८५५ साली शेतकी कॉलेज म्हणून सुरू झालेलं विद्यापीठ. इंजिनिअरिंग बिल्डिंगमधून निघून हॉर्टिकल्चरवाल्यांकडे चालत जाता येतं. आपल्याकडे राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही कृषी विद्यापीठं कायद्यानेच निराळी. त्यांचा कायदा १९८३ चा, खातं कृषी. आपला सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ चा, खातं उच्च शिक्षण. राहुरीतल्या उद्यानविद्येच्या प्राध्यापकाला पुण्यातल्या गणित विभागात पाव पद देण्याची वाटच या रचनेत कुठे नाही. त्यांनी पाहुणे म्हणून यावं, दोन व्याख्यानं द्यावीत, शाल-श्रीफळ घ्यावं, एवढंच आपण करू शकतो. द्राक्षं आपल्याकडे, डाळिंब आपल्याकडे, गणितातली हुशार पोरंही आपल्याकडे, आणि दोघांची गाठ घालून देणारं पदच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता शिकवण्याकडे येते. पदांची रचना कितीही देखणी असली तरी वर्गात काय उतरतं ते महत्त्वाचं. सीएमएसई २०१ हा पदवीच्या मुलांसाठीचा पहिला कोर्स. कॅल्क्युलसचा पहिला पेपर झालेला असला की पुरे, प्रोग्रामिंग आधी आलं नसलं तरी चालतं. व्याख्यान जवळजवळ नाहीच. वर्गात येण्याआधी मुलांनी व्हिडिओ बघून एक छोटी नोटबुक पुरी करायची, आणि वर्गाचा सगळा वेळ टेबलाभोवती बसून मॉडेल लिहायचं. मास्तर, शिक्षक सहायक आणि आदल्या वर्षी तोच कोर्स केलेले काही विद्यार्थी टेबलांमधून फिरत असतात.

मी बसले त्या दिवशी वणव्याचं मॉडेल होतं. चौकटींचा पट, काही चौकटींत झाड, काही रिकाम्या. डाव्या कडेला आग लावायची. जळत्या झाडाच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे झाड असेल तर पुढच्या पावली ते पेटणार. प्रश्न असा की जंगल किती दाट असलं म्हणजे आग उजव्या कडेपर्यंत पोहोचते? आधी अंदाज लिहायचा, मग कोड. मी ज्या टेबलाशी होते तिथल्या मुलीने सरळ रेषा काढली होती: जेवढं दाट तेवढं जास्त जळणार. आलेख आला तो वेगळाच. झाडांची दाटी निम्म्यापर्यंत असेतो आग कडेलाच विझते. साठ टक्क्यांच्या जरा अलीकडे ती एकदम पलीकडे जाते आणि जवळपास सगळं जंगल खाते. मोठ्या पटावर हा उंबरठा ५९ टक्क्यांच्या आसपास असतो. भौतिकशास्त्रात याला परकोलेशन म्हणतात आणि त्यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. पण त्या मुलीने आधी स्वतःची चुकलेली रेषा बघितली, कोडमध्ये काही गोंधळ झालाय का म्हणून दोनदा तपासलं, दाटी एकेक टक्क्याने वाढवून पाहिली, आणि मगच मास्तरला हाक मारली. ते आले, एक खुर्ची ओढून बसले आणि तिच्याशी उंबरठ्याबद्दल बोलू लागले. फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीच्या उतारांवर वणवे लागतात, जाळरेषा काढून गवताचा पट्टा मोकळा करतात. त्या पट्ट्याने नेमकं काय साधतं, ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या टेबलावर ते मला आलेखात दिसलं.

असा वर्ग चालवायला माणसं लागतात, आणि ती कोर्सची स्वतःची लागतात. इथे हे पहिल्या वर्षाचे कोर्स सीएमएसईचे स्वतःचे आहेत. भौतिकशास्त्र विभागाने उसना दिलेला माणूस, जो सत्राच्या मध्यात परत बोलावला जाऊ शकतो, अशावर ते उभे नाहीत. मला वाटतं, पदांच्या रचनेतला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. संशोधन दोन विभागांत वाटून करा, पण पायाभूत शिकवणं एका घरात ठेवा.

आता खटकलेल्या गोष्टी. दोन विभाग म्हणजे दोन बैठका, दोन समित्या, दोन ठिकाणच्या भरतीच्या मुलाखती. करारात तास वाटले जातात, पण समित्यांची कामं टक्क्यांत वाटता येत नाहीत. पाव पद असलं तरी त्या विभागाची बैठक पाव होत नाही. कायम नेमणूक व्हायची असलेल्या माणसावर हा भार जास्त पडतो, कारण ‘नाही’ म्हणायची त्याला भीती वाटते. कोणतीही संयुक्त नेमणूक स्वीकारणाऱ्याने समित्यांची मर्यादाही लिहून घ्यावी, असं मी ठामपणे सांगेन. दुसरं, पीएचडीच्या मुलाला इथे रुंदी भरपूर मिळते, खोली स्वतः कमवावी लागते. शुद्ध विश्लेषण किंवा संगणकाची आतली रचना यांतच बुडायचं असेल तर सरळ गणित किंवा संगणकशास्त्र विभागात जावं. आणि तिसरं, थंडी. जानेवारीत रेड सीडर नदीच्या काठाने चालताना कान सुन्न होतात. पुण्याहून नेलेला स्वेटर तिथे काही कामाचा नाही.

इतर ठिकाणांशी ताडून पाहिल्याशिवाय रिव्ह्यू पुरा होणार नाही. टेक्सासमध्ये ऑस्टिनला ओडन इन्स्टिट्यूट आहे. टिन्स्ली ओडन यांनी १९७३ साली संगणकीय यांत्रिकीची एक छोटी संस्था सुरू केली, ती १९९३ आणि २००३ मध्ये वाढत गेली आणि २०१९ मध्ये तिला त्यांचं नाव दिलं गेलं. तिथली तऱ्हा वेगळी. प्राध्यापकांची पदं त्यांच्या मूळ विभागांत, संस्था त्यांना जागा, विद्यार्थी, सन्मानाची अध्यासनं आणि शिकवण्यातून सवड देते. देणगीदारांचा भक्कम पैसा मागे असल्यामुळे हे चालतं. पैसा आटला तर मूळ विभाग आपली माणसं सहज परत ओढू शकतात, म्हणून आपल्यासारख्यांनी ती नक्कल करू नये. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात असंच विभागांच्या आडवं पसरलेलं एक स्कूल होतं. २००८ मध्ये त्याचा सायंटिफिक कॉम्प्युटिंगचा रीतसर विभाग झाला. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकच्या नावाच्या ग्रंथालयात तो आहे. आधी पसरट संस्था आणि मग विभाग, हा त्यांचा प्रवास मला बोलका वाटतो. शेवटी पदाला घर लागतं. अमेरिकेतल्या एमआयटीने २०१८ मध्ये कॉम्प्युटिंगचं नवं कॉलेज जाहीर केलं तेव्हा ५० नवी पदं काढली आणि त्यांतली निम्मी दुसऱ्या विभागांशी जोडलेली ठेवली. एवढ्या श्रीमंत संस्थेलाही जोडलेल्या पदांची गरज वाटली, हे लक्षात घ्यावं.

आपल्या देशात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने (आयआयएससी) हे काम नेटकं केलंय. तिथलं सुपरकॉम्प्युटर केंद्र १९९० चं. त्यातून २०१५ मध्ये ‘कॉम्प्युटेशनल अँड डेटा सायन्सेस’ हा विभाग निघाला, त्याला स्वतःची पूर्ण पदं मिळाली. पद अख्खं, वरिष्ठ एकच, बढतीचा रस्ता सरळ. संयुक्त पदांची मजा तिथे कमी, पण सुरक्षितता जास्त. आणि पुण्याच्या विद्यापीठात २००३ मध्ये मॉडेलिंग अँड सिम्युलेशनचं केंद्र सुरू झालं. आपल्याकडे या विषयाचा पाया घालणाऱ्यांत त्याचं नाव आदराने घ्यायला हवं.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाचं. मी ज्या विद्यापीठाबद्दल बोलतेय त्याचं नाव घेणार नाही. आंतरविद्याशाखीय संगणकीय कोर्ससाठी सहायक प्राध्यापकाची जागा निघाली होती. एक उमेदवार केमिकल इंजिनिअरिंगमधला, पीएचडी द्रवांच्या प्रवाहाच्या सिम्युलेशनवर, समांतर कोड स्वतः लिहिलेला. त्या कोर्सचे निम्मे पेपर तो डोळे मिटून शिकवू शकला असता. छाननीतच बाद झाला. कारण, पदव्युत्तर पदवी ‘संबंधित विषयात’ नाही. मी आस्थापना विभागात जाऊन भांडले. टेबलामागचे गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, ‘मॅडम, मला पटतंय तुमचं. पण हा कोर्स कुठल्या विषयात धरायचा ते जाहिरातीतच नाही. उद्या ऑडिटवाले विचारतील तेव्हा सही माझी असणार.’ त्यांना मी दोष देणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या विनियमांत ‘संबंधित’ बरोबर ‘संलग्न’ विषयाचीही सोय आहे. पण संलग्न म्हणजे कोणते, याची यादी जाहिरातीआधी कोणी करत नाही. नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या विषयांत गणित आहे, भौतिकशास्त्र आहे, संगणकशास्त्र आहे, कॉम्प्युटेशनल सायन्स नाही. मग छाननी समितीतला प्रत्येक जण आपल्या विषयाचं दार लावून घेतो. ती जागा रिकामीच राहिली आणि ते पेपर पुढे तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशोबाने नेमलेल्या तात्पुरत्या शिक्षकांकडे, गेले. तासिका तत्त्वावरची मुलं जीव तोडून शिकवतात, मी पाहिलंय. पण दर सत्राला माणूस बदलला तर वणव्याच्या मॉडेलसारखा वर्ग उभा राहत नाही, आणि त्या मुलांचंही आयुष्य टांगणीला लागतं. हे बंद व्हायला हवं.

जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या विनियमांचा मसुदा काढला. नेट किंवा पीएचडी ज्या विषयात आहे तो विषय शिकवता यावा, आधीची पदवी दुसऱ्या विषयातली असली तरी, असं त्यात सुचवलं आहे. हे स्वागतार्ह आहे. पण अर्ध्या पदाचा प्रश्न त्याने सुटत नाही. आपल्याकडे पद म्हणजे आकृतिबंधातली, मंजूर पदांच्या यादीतली, एक ओळ. ती एका विभागाच्या नावावर, तिच्यावर बिंदुनामावलीतला (कोणती जागा कोणत्या आरक्षित प्रवर्गाची ते ठरवणाऱ्या यादीतला) एक बिंदू, आणि तिचा कार्यभार आठवड्याला सोळा तास, वरच्या दोन श्रेणींना चौदा. आरक्षणाचा बिंदू अर्धा करता येत नाही आणि करूही नये. त्या न्यायासाठी लोकांनी वर्षानुवर्षं लढा दिलाय.

म्हणून मला जे सुचतं ते असं. पद अख्खं एकाच विभागाच्या नावावर राहू द्या, बिंदूही तिथेच. वाटायचा तो कार्यभार. सोळातले दहा तास मूळ विभागात, सहा तास आंतरविद्याशाखीय कोर्सला, आणि ते सहा तास मूळ विभागाच्या कार्यभारात पूर्ण धरले जातील असा विद्या परिषदेचा ठराव. आज नेमकं इथेच घोडं अडतं. दुसऱ्या विभागात शिकवलेले तास मूळ विभागप्रमुख मोजत नाहीत, म्हणून कोणी जायला तयार होत नाही, आणि जो जातो तो उपकार केल्यासारखा जातो. दुसरं, जाहिरातीतच संलग्न विषयांची यादी छापायची. तिसरं, पदोन्नतीच्या समितीवर दुसऱ्या विषयाचा एक तज्ज्ञ बसवायचा आणि सॉफ्टवेअरला गुण द्यायचे. आणि पायाभूत पेपरांसाठी किमान तीन-चार पूर्ण पदं कोर्सची स्वतःची हवीत. त्यापेक्षा कमी असतील तर कोर्स सुरूच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुण्यात तर माणसांची वाण नाही. रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा एनसीएल १९५० पासून, महासंगणकांवर काम करणारी सी-डॅक १९८८ पासून, खगोलशास्त्राची आयुका त्याच सुमाराची, विज्ञानशिक्षणाची आयसर २००६ पासून, हवामानाच्या मॉडेलांवर काम करणारी आयआयटीएम पाषाणलाच. परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये याच शहरात तयार झाला. दुचाकीवर अर्ध्या तासाच्या आत ही सगळी ठिकाणं येतात. यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची, म्हणजे प्रत्यक्ष क्षेत्रातल्या अनुभवी माणसाला प्राध्यापक नेमण्याची, सोय केली, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत. पण ती नेमणूक ठरावीक मुदतीची असते. तिने कोर्सला चव येते, पाया मात्र कायम पदांनीच घालावा लागतो.

शेवटी अर्ज करणाऱ्या मुलांसाठी. सीएमएसई मी मनापासून सुचवते, विशेषतः ज्यांना गणित आवडतं पण ते कशाला तरी लावून पाहायचं आहे त्यांना. कृषी, जीवशास्त्र, खगोल, केमिकल, कुठूनही आलात तरी तुम्ही तिथे परके ठरत नाही. ज्या प्राध्यापकाकडे काम करायचं आहे त्याच्या पानावर दोन विभाग दिसले तर मेलमध्ये बिनधास्त विचारा: तुमचा मुख्य विभाग कोणता? माझं विद्यावेतन कोणत्या विभागातून येईल, आणि अनुदान संपलं तर शिक्षक सहायकाचं काम कुठे मिळेल? पात्रता परीक्षा कोणत्या विभागाची द्यायची? दुहेरी पीएचडी करायची तर कोणकोणते पेपर दोन्हीकडे धरले जातात? प्राध्यापक कायम झालेले आहेत का, आणि नसतील तर त्यांनी विद्यापीठ सोडल्यास माझं काय? तिथे या प्रश्नांचं कोणाला वाईट वाटत नाही. मला तरी प्रत्येकाने खुर्ची देऊन, तपशिलात उत्तरं दिली.